लाईट दिवसा आली, मग माणसाच्या दिवसाचं काय झालं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे तुम्ही चौघं. विषय मिळालाय 'शाश्वतता, स्वच्छ तंत्रज्ञान आणि आजचं कामाचं जग'. मुदत जुलै ते मार्च, खर्चाला दहा-बारा हजार रुपये. मार्गदर्शकांनी सुचवलंय की मोबाईलवर फॉर्म पाठवून तीनशे जणांची मतं गोळा करा. तुम्ही विचारता की एवढ्या मोठ्या विषयात नेमकं काय धरायचं, मोजायचं कसं, आणि ते कुणाच्या कामी येईल का.

मी सत्तावीस वर्षं ऊर्जा लेखापरीक्षणाचं, म्हणजे वीज कुठे किती लागते आणि कुठे वाया जाते ते मोजण्याचं काम करतोय. सुरुवातीची दहा वर्षं कारखान्यांत गेली, मग शेतीपंपांकडे वळलो आणि तिथेच रमलो. जुन्नर, आंबेगाव, खेड हा पुणे जिल्ह्याचा उत्तर पट्टा माझ्या कामाचा. दरवर्षी विद्यार्थ्यांचे एक-दोन गट माझ्याबरोबर बांधावर येतात. तेव्हा जे सांगतो ते या पट्ट्यातल्या अनुभवावरून.

तीनशे जणांचा फॉर्म करू नका. 'सौर ऊर्जेमुळे तुमचं जीवन सुधारलं का?' असं विचारलं की बहुतेक जण 'हो' वर बोट ठेवतात, कारण विचारणाऱ्याला तेच हवंय हे त्यांना कळतं. त्या तीनशे 'हो'मधून तक्ते सुंदर होतील, पण कोण किती वाजता उठतो, कुणाची झोप वाढली आणि कुणाचं काम वाढलं, यातलं काही हाती लागणार नाही. तंत्रज्ञान आणि काम यांची गाठ कुठे पडते हे बघायचं तर एक यंत्र धरा, त्या यंत्रामागे धावणारी माणसं धरा, आणि त्यांचे चोवीस तास मोजा. माझ्या मते आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगला विषय आहे शेतीला दिवसा मिळणारी सौर वीज. खेड्यातल्या माणसाच्या कामाच्या वेळा इतक्या थेट बदलणारं दुसरं स्वच्छ तंत्रज्ञान मला तरी दिसत नाही.

शहरात वाढला असाल तर आधी पार्श्वभूमी समजून घ्या. महाराष्ट्रात शेतीपंपांना मोटर चालवणारी थ्री फेज लाईट दिवसभर नसते. वर्षानुवर्षं ती आठवड्याच्या चक्राने मिळत आली आहे. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी म्हणजे दहा-अकराच्या पुढे किंवा मध्यरात्रीनंतर लाईट येणार आणि पहाटे किंवा सकाळी जाणार. मोटर ऑटोवर टाकून घरी झोपता येतं, असं तुम्हाला वाटेल. विहिरीचं पाणी शेततळ्यात सोडायचं असेल किंवा ठिबक असेल तर येतंही. पण सरीत किंवा वाफ्यात पाणी सोडलं असेल तर एक वाफा भरला की दारं, म्हणजे वाफ्यात पाणी जायची वाट, मोडून पुढच्या वाफ्याला लावायला माणूस तिथे उभा लागतो. आमच्याकडे याला कुणी दारं धरणं म्हणतं, कुणी बारं देणं, तर कुणी नुसतं पाणी भरणं. तुमच्या प्रश्नावलीत 'सिंचन' हा शब्द चुकूनही घालू नका. ज्या गावात जाल तिथला शब्द पहिल्या दिवशी ऐका आणि तोच लिहा.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी विद्यार्थ्यांबरोबर नसताना, एकटाच एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कांद्यात गेलो होतो. वय साठीच्या जवळ. लाईट साडेबाराला आली. त्यांनी गमबूट चढवले, डोक्याला बॅटरी बांधली, एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात काठी घेतली. खिशातल्या मोबाईलवर भजन मोठ्याने लावलं. मला वाटलं भक्तीपोटी लावलंय. ते म्हणाले, "शेजारच्या उसात मादी आहे, पिलं आहेत तिची. आपण येतोय हे तिला आधी कळलं पाहिजे." पुढचे सहा तास ते दर दहा-बारा मिनिटांनी वाकून एक दारं मोडत होते आणि दुसरं बांधत होते. मधल्या वेळात बांधावर बसायचे, पण पाठ उसाकडे कधीच करायचे नाहीत. पावणेसातला लाईट गेली तेव्हा चार वाफे राहिले होते. घरी जाऊन चहा घेतला आणि नऊपर्यंत आडवे झाले. साडेनऊला दूध डेअरीचा हिशेब करायला पुन्हा उभे.

जुन्नर भागात बिबट्या उसातच वाढतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. माणिकडोहला त्यासाठी निवारण केंद्रच आहे. सापाचं भय त्याहून जुनं. मण्यार रात्रीच फिरते आणि घोणस अंधारात पायाखाली येते. दिवसा लाईट द्या ही मागणी म्हणूनच इतकी जुनी आणि इतकी जीव तोडून केलेली आहे. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. कल्पना साधी आहे. विजेच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरवर काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रात सोडायची आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरना, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या वाहिन्यांना, उन्हाच्या वेळात पुरवठा करायचा. एका मेगावॉटला साधारण चार एकर जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट तयार होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये या दुसऱ्या टप्प्यातले पहिल्या पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॉटच्या, लोकार्पण झालं. त्यात वैजापूरजवळचं धोंदलगाव आहे, कोल्हापूर जिल्ह्यातलं कोंडिग्रे आहे. त्यानंतर आणखी बरेच उभे राहिले. तुमच्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरात एखादं उपकेंद्र नक्की सापडेल.

इथे एक घोळ दरवर्षी होतो. सौर फीडर आणि सौर पंप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौर फीडरमध्ये शेतकऱ्याची मोटर, डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर), तारा सगळं जुनंच राहतं, फक्त वीज दिवसा येते. सौर पंपात त्याच्या बांधावर पॅनेल बसतात, ५ एचपीला ४,८०० वॉटचे, आणि महावितरणच्या तारेशी संबंध संपतो. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत खुल्या गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. सौर पंपवाल्याचा दिवस वेगळा बदलतो. सकाळी आठला धार बारीक, बाराला जोरात, ढग आला की मंद. त्याला उन्हाकडे बघून वाफे ठरवावे लागतात. दोन्ही प्रकारची माणसं एकाच तक्त्यात कोंबलीत तर तुमचा निष्कर्ष पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. नऊ महिन्यांत दोन्ही होणार नाहीत. सौर फीडर घ्या.

आता मोजायचं काय, तर सगळ्यात आधी वेळ.

सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. पहिलं देशव्यापी २०१९ साली झालं, दुसरं २०२४ साली. त्यांची पद्धत तुम्ही जशीच्या तशी उचलू शकता. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने करायचे आणि माणसाला क्रमाने आठवायला लावायचं. पण आपल्या विषयाला यात एक अडचण आहे. रात्रीचं पाणी भरणं बरोबर पहाटे चारच्या रेषेवरून जातं. साडेबारा ते पावणेसात हे एक सलग काम, पण तक्त्यात त्याचे दोन तुकडे होतात, अर्धं आजच्या दिवसात, अर्धं उद्याच्या. म्हणून तुम्ही रात्री आठ ते रात्री आठ असा दिवस धरा. आमच्या पट्ट्यात ते बरोबर बसतं, कारण त्या वेळी बहुतेक जण जेवायला घरी असतात.

विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची. एका मुलीने एका आजोबांना विचारलं होतं, "रोज सरासरी किती तास काम करता?" ते म्हणाले, "कामाला काय तास असतो का, पोरी?" आणि गप्प झाले. मी म्हटलं, "परवा लाईट किती वाजता आली?" मग मात्र आजोबा सुरू झाले. लाईट किती वाजता आली, फ्यूज कधी गेला, डीपीवर कोण चढलं, वायरमनला किती फोन केले, पाणी कुठल्या वाफ्यात तुटलं, घरी येऊन भाकरी गरम होती की गार. पंधरा मिनिटांत त्यांची अख्खी रात्र आमच्या वहीत होती. शेतकऱ्याच्या आठवणीचं घड्याळ लाईटवर चालतं. तुमचे सगळे प्रश्न त्याला बांधा.

तीस घरं पुरेत. पण प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद स्वतंत्र घ्या, आणि बाईची नोंद तिच्याकडूनच घ्या. नवरा शेजारी बसून तिच्या वतीने उत्तर द्यायला लागला की वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी या. गटात एक तरी मुलगी असेल तर हे सोपं जातं. का एवढं सांगतोय, ते खेड तालुक्यातल्या एका घरावरून कळेल.

त्या घरातला तिशीतला मुलगा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. सकाळी साडेसहाला कंपनीची बस पकडायचा, संध्याकाळी साडेचारला परत. शेत दोन एकर. रात्रीची पाळी असली की बाराला उठून पाच वाजेपर्यंत पाणी भरायचा, तोंड धुवून बस पकडायचा आणि बसमध्ये झोपायचा. सुटीच्या दिवशी झोप भरून काढायचा. त्याचं फीडर सौर झालं आणि लाईट सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी नियमित यायला लागली. मी विचारलं, "बरं झालं ना?" तो म्हणाला, "गावाचं बरं झालं. माझं पाणी बंद पडलं." कारण लाईट असते तेव्हा तो कंपनीत असतो. आता पाणी त्याची बायको भरते. पहाटे पाचला उठून दूध काढणं, डबा, मुलाची शाळा. साडेनऊला शेतात जाऊन दीडपर्यंत दारं धरणं. आधी ती आठवड्यातून तीन-चार दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपणीला रोजाने जायची. पाण्याच्या दिवसांत आता तो रोज बुडतो. नवऱ्याच्या झोपेत रात्रीचे पाच तास वाढले, आणि बायकोच्या दिवसात चार तास बिनपैशाचं काम वाढलं. दोघांच्या नोंदी वेगळ्या नसत्या तर हे घर 'समाधानी' म्हणून मोजलं गेलं असतं.

याचा अर्थ दिवसाची लाईट वाईट, असं अजिबात नाही. त्या बाईला मी विचारलं की पूर्वीसारखी रात्रीची लाईट हवी का. ती लगेच म्हणाली, "नको. ते रात्री बाहेर असायचे तेव्हा मी कुठे झोपत होते?" तिची ती जागरणंही तुमच्या तक्त्यात यायला हवीत, आणि ती 'झोप' या रकान्यात येणार नाहीत. त्यासाठी एक वेगळा प्रश्न ठेवा: घरातलं माणूस रात्री पाण्याला गेलं तर तुम्ही किती वेळा उठता? हा प्रश्न मी स्वतः फार उशिरा विचारायला लागलो.

चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत जाणारी, घरी दीड-दोन एकर असलेली मुलं आमच्या पट्ट्यात वस्तीवस्तीवर आहेत. तुमच्या विषयात 'आजचं कामाचं जग' असे शब्द आहेत. ते जग म्हणजे हेच. एकाच माणसाच्या दिवसात कंपनीची पाळी आणि लाईटची पाळी. यातले काही जण मोबाईल स्टार्टर बसवतात, कंपनीतून फोन लावून मोटर चालू करतात. पण फोनवरून दारं मोडता येत नाही, म्हणून ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनाच त्याचा खरा उपयोग. ठिबक कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हा रकाना म्हणून विसरू नका. दिवसाच्या लाईटचा फायदा कुणाला किती, हे बरंचसं त्यावर ठरतं.

आता वीज. शेतकऱ्याचं बिल आधार म्हणून घेऊ नका. अनेक शेतीपंपांना मीटर नाही, एचपीवर आकारणी होते. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज असल्याने बिलाकडे कुणी बघतही नाही. तुम्हालाच मोजावं लागेल. स्टार्टरच्या पेटीत एक छोटा अवर मीटर बसवून घ्या, तो मोटर किती तास चालली ते मोजतो आणि स्वस्त असतो. सहा-सात विहिरींवर बसवलेत तरी तुमच्या खर्चात बसेल. करंट टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने घ्या. समजा ५ एचपीची मोटर ४०० व्होल्टला ८ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर थ्री फेजच्या १.७३ ने गुणून ती साधारण ४.४ किलोवॉट खेचते. आठ तासांत ३५ युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे एका पाळीचे २५ किलो. इथवर सगळेच गट येतात आणि अहवाल संपवतात.

एक पायरी पुढे जा. दोनशे लिटरचं पिंप पाइपच्या तोंडाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. समजा ३५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ५.७ लिटर. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंतची उभी उंची दोरीने मोजा, समजा २२ मीटर. ५.७ गुणिले २२ गुणिले ९.८१, म्हणजे साधारण १,२३० वॉट. तेवढीच ताकद पाणी उचलण्यात खर्ची पडली आणि मोटरने घेतले ४,४०० वॉट. शंभरातले अठ्ठावीस कामी आले, बहात्तर वाया गेले. कुठे? चार वेळा रिवायंडिंग केलेल्या, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलेल्या मोटरमध्ये, अरुंद पाइपात, गाळ धरलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप), नको तिथे घातलेल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपच्या वळणांत. असे आकडे मला नेहमी मिळतात, ते अपवाद नाहीत. आणि यात माणसाच्या वेळेचा संबंध सरळ आहे. हीच मोटर आणि पाइप ठीकठाक करून धार दीडपट झाली तर सहा तासांचं दारं धरणं चार तासांवर येतं. पॅनेल कितीही लावले तरी हे दोन तास वाचवणार आहे तो फूटव्हॉल्व्ह. ऊर्जेची बचत आणि कष्टाची बचत एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडा. मला असा अहवाल विद्यार्थ्यांकडून अजून क्वचितच मिळालाय, आणि तो मिळावा असं मला मनापासून वाटतं.

तुलना कशाशी करायची हा पुढचा प्रश्न. इथे माझ्या देखरेखीखाली एक मोठी चूक झालेली आहे. एका गटाने फीडर सौर होण्याआधीची नोंद जानेवारीत घेतली आणि नंतरची एप्रिलमध्ये. पाणी भरण्याचे तास जवळजवळ निम्मे झाले असा निष्कर्ष काढला. मी सही केली. नंतर लक्षात आलं की जानेवारीत रानात कांदा उभा होता आणि एप्रिलमध्ये निम्म्या लोकांचा कांदा निघून रान मोकळं झालं होतं. विहिरीही तळाला गेल्या होत्या. तास लाईटमुळे घटलेच नव्हते. ती चूक माझी होती, मुलांची नाही, कारण पिकाचं चक्र मला ठाऊक होतं. म्हणून आता मी एकाच उपकेंद्रावरची दोन फीडर घ्यायला सांगतो, एक सौर झालेलं, एक न झालेलं, तीच माती, तेच पीक, तोच आठवडा. महावितरणच्या शाखा कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांना विभागप्रमुखांच्या पत्रासह भेटा. फीडरचं वेळापत्रक मिळतं. उपकेंद्रात यंत्रचालक दर तासाला प्रत्येक फीडरचा करंट वहीत लिहितो. ती वही पाहायची परवानगी मिळाली तर लाईट कागदावर किती तास होती आणि खरी किती तास होती, हे दोन्ही तुमच्यासमोर येईल. शेतकऱ्याची आठवण आणि ती वही जुळतात का, हे तपासा. पुष्कळ वेळा जुळतात, आणि जुळत नाहीत तिथेच शोधण्यासारखं काही असतं. बहुधा डीपीवरचा फ्यूज.

आणखी एक वही आहे, जिच्याकडे कुणी जात नाही. तालुक्याच्या गावात मोटर रिवायंडिंगची दुकानं असतात. तिथे कुणाची मोटर कुठल्या तारखेला जळून आली याची नोंद मालक ठेवतो. फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज ३४० पर्यंत उतरतं, मोटर जास्त करंट खेचते आणि वायंडिंग जळतं. उपकेंद्राजवळच वीज तयार व्हायला लागली की व्होल्टेज सुधारायला हवं, निदान शास्त्र तसं सांगतं. खरंच सुधारलं का? दोन वर्षांच्या नोंदींत त्या दोन फीडरवरच्या गावांतल्या मोटरी मोजा. जळालेली मोटर म्हणजे विहिरीतून ती ओढून काढायला चार माणसं, दोन दिवसांची खोटी आणि काही हजार रुपये. हा आकडा तुम्ही काढलात तर महावितरणचे अधिकारीसुद्धा तुमच्याकडे मागतील.

सर्पदंशाच्या नोंदी पाहायची इच्छा होईल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने, नावं न घेता, फक्त वेळ आणि महिना घेता येतो. पण एका हंगामात दोन फीडरवर अशा घटना इतक्या थोड्या असतील की त्यावरून काहीही सिद्ध करू नका. नोंद द्या, निष्कर्ष देऊ नका.

पाण्याबद्दल सावध राहा. दिवसा, नियमित आणि फुकट लाईट मिळाली की माणूस जास्त उपसतो का? मला तशी शंका आहे, काही गावांत तसं दिसलंही आहे. पूर्वी कंटाळून चार वाफे सोडून देणारा माणूस आता सोडत नाही. विहिरीची पातळी दोरीने दर पंधरा दिवसांनी मोजा, त्याच वेळी, मोटर बंद असताना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींशी ती ताडून पाहता येते. एका हंगामातून शेवटचं उत्तर मिळणार नाही, पण पुढच्या वर्षीच्या गटाला पाया मिळेल.

आणि प्रकल्पाच्या जागेवर एकदा नक्की जा. बरेच प्रकल्प सरकारी जमिनीवर, गायरानावर उभे राहतात. खासगी जमीन भाड्याने दिली तर योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, त्यामुळे जमीन देणाऱ्याचा दिवस बदलतो, बहुतेकदा चांगल्यासाठी. पण ज्या गायरानात मेंढरं चरायची तिथे कुंपण आलं तर मेंढपाळ किती लांब जातो, हे कुणी मोजत नाही. प्रकल्पात गवत काढणारी, पॅनेल धुणारी, रखवाली करणारी माणसं कुठली, किती रोजाने, वर्षातून किती दिवस, हेही विचारा. स्वच्छ ऊर्जेतली नोकरी म्हणून आपण ज्याबद्दल बोलतो त्यातलं बरंचसं काम हेच आहे.

वेळापत्रक उलटं लावा. जुलै ते ऑक्टोबर पावसात पाणी भरण्याची नोंद घेण्यात अर्थ नाही. त्या काळात परवानग्या, गावाशी ओळख, प्रश्नावलीची दोन घरांत चाचणी, आणि टाँग टेस्टरचा सराव कॉलेजच्या प्रयोगशाळेत. खरी नोंद नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत, प्रत्येक घरी तीन वेळा. फेब्रुवारीत हिशेब. मार्चमध्ये लिहिणं, आणि त्यातलं एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी. ज्या घरांनी तीन-तीन वेळा आपला दिवस तुम्हाला सांगितला त्यांना त्याचं काय झालं हे कळलंच पाहिजे. त्या पानावर कुणाचं नाव नको, पण तुमच्या सहा-सात विहिरींपैकी किती विहिरींवर फूटव्हॉल्व्ह बदलण्यासारखा आहे, ते असू द्या. मालकाला त्याच्या विहिरीचा आकडा स्वतंत्र द्या.

सुरक्षेबाबत मी कसलीही सूट देत नाही. स्टार्टरची पेटी तुम्ही उघडायची नाही, वायरमन किंवा परवानाधारक इलेक्ट्रिशियन असतानाच मोजमाप होईल. ओल्या जमिनीवर उभं राहून टाँग टेस्टर लावायचा नाही. अर्थिंगची तार तुटलेल्या पेट्या मला आजही दर आठवड्याला दिसतात. रात्रीच्या शेतात एकट्याने जायचं नाही. जायचंच असेल तर एकदाच, घरमालकाबरोबर, गमबूट घालून, आणि शेजारी ऊस असेल तर बांधावर बसायचं नाही, रस्त्यावर गाडीजवळ थांबायचं. रात्र समजून घ्यायला एक रात्र पुरते.

मार्गदर्शक 'नमुना छोटा आहे' म्हणाले तर त्यांना गणित दाखवा. तीस घरं, घरात तीन मोठी माणसं, प्रत्येकाचे तीन दिवस, म्हणजे २७० दिवसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी, जवळपास तेरा हजार रकाने. शिवाय मोटरचे तास, उपकेंद्राची वही आणि पाण्याची पातळी. त्या तीनशे फॉर्मपेक्षा हे काम कितीतरी जास्त आहे. तुम्ही चौघं मनावर घेतलंत तर होतं. मी होताना पाहिलंय.

पहिल्या भेटीला जाताना सकाळी लवकर पोचायची घाई करू नका. आधी फीडरचं वेळापत्रक बघा. रात्रीची पाळी असेल तर दुपारी एकनंतर जा. ज्याच्याशी बोलायचंय तो सकाळी नुकताच झोपलेला असतो.